पदर सावरायला लागणारा श्वास

आमच्या घरात माझी आई आणि मोठेबाबा एकमेकांशी एक शब्द बोलत नसत. भांडण नव्हतं, गैरसमज नको. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे आईचे भासरे. आणि आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, खाटेवर बसायचं नाही, समोरासमोर बोलायचं तर नावच नको. भासऱ्यानंही तिच्याकडे नजर टाकायची नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही. सून घरात येते आणि चालू होतं.

मग घर चालायचं कसं? माझ्या जिवावर. मी अंगणात मधोमध उभी असायची. आई चुलीपाशी बसून म्हणायची, "तुह्या मोठ्या बाबाले सांग, मीठ सरलं." मोठेबाबा तिथंच जाळं दुरुस्त करत बसलेले असायचे. त्यांना ऐकू गेलेलं असायचं, त्यांचे कान माझ्यापेक्षा तिखट. तरी ते मान खाली घालून थांबायचे. मी वळून म्हणायची, "मोठेबाबा, मीठ सरलं." मग ते म्हणायचे, "तुह्या मायले सांग, आज बाजारातून आणतो." की मी परत वळायची. लहान होते तेव्हा वाटायचं, या दोघांना कानानं कमी ऐकू येतं. मोठी झाल्यावर वाटायला लागलं, या दोघांना डोक्यानंच कमी आहे. आणि तोंड माझं पहिल्यापासून फटकळ, त्यामुळे ते मी दोघांनाही बोलून दाखवलं. दोघंही हसले, आणि उत्तर मात्र माझ्यामार्फतच एकमेकांना दिलं.

गाव आमचं कुरखेड्याच्या बाजूला, तलावाच्या काठावर. मासोळी आणि थोडं धान, यावर घर. वडील मी शाळेत असतानाच गेले. त्यानंतर आम्हा दोघींना मोठेबाबांनी पाहिलं. मला नर्सिंगला त्यांनीच पाठवलं. गावातले लोक म्हणत होते, पोरीले कायले इतक्या दूर पाठवता, तर त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. आज मी चंद्रपूरला एका दवाखान्यात आयसीयूत सिस्टर आहे. पेशंट घाबरतात मला. डॉक्टरही थोडे घाबरतात, पण ते कबूल करत नाहीत.

तर झालं असं की पावसाळा संपत आला होता, आणि मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, बल्लारपूरला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. घरात उरले दोघं. एक बोलू शकत नाही, दुसरा पाहू शकत नाही.

मी ड्युटीवर असताना मोठेबाबांचा फोन आला. ते फोनवर नेहमी ओरडतात, जणू आवाज त्यांनाच चंद्रपूरपर्यंत फेकायचा आहे. त्या दिवशी मात्र कुजबुजत होते.

"बाई, तुह्या मायले फोन लावून पाय ना जरा. तिले बरं वाटून नाई राह्यलं का, विचार."

"तुमी कुठी आहा मोठेबाबा?"

"घरीच. पडवीत."

"आन माय?"

"आतमंदी."

अरे देवा! मधे एक कुडाची भिंत, आणि प्रश्न चंद्रपूरला येऊन परत जाणार. मी कपाळावर हात मारून घेतला आणि आईला फोन लावला.

"काई नाई बाई," आई म्हणाली. "शिंगीचा काटा लागला हाताले. जरासा... ताप आहे. हळद लावली."

शिंगी हा मासा आमच्याकडे सगळ्यांच्या ओळखीचा. चवीला छान, आणि काटा असा विषारी की माणूस कळवळतो. पण काटा लागणं आमच्या घरात नवीन नव्हतं. नवीन होता तो आईचा श्वास. "जरासा" आणि "ताप" यांच्या मधे तिला थांबून दम घ्यावा लागत होता. आयसीयूत इतकी वर्षं काढली की बोलण्यातल्या अशा जागा ऐकू येतात.

नंतर कळलं, हात कोपरापर्यंत सुजून लाल झाला होता. ती तो पदराखाली धरून सगळी कामं करत होती. भाकरी करत होती, भांडी घासत होती. घरात असलेला एकुलता एक माणूस तिच्याकडे पाहत नव्हता, कारण पाहायचं नसतं. त्यांना फक्त ऐकू येत होतं, की आज पाटा-वरवंट्याचा आवाज आला नाही, आज बादली मधेच खाली ठेवली. ते सगळं पडवीत बसून ऐकत होते आणि विचारायचं कुणामार्फत, हा प्रश्न घेऊन बसले होते. घरात निरोप न्यायला पोरच नव्हतं.

"मोठेबाबा, गाडी बोलवा. आत्ताच्या आत्ता," मी त्यांना परत फोन लावून इतक्या जोरात सांगितलं की माझ्या वॉर्डातला एक पेशंट उठून बसला.

गाडी आली, गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताई आईसोबत मागे बसल्या, आणि मोठेबाबा पुढे ड्रायव्हरजवळ. सुनेच्या शेजारी कसं बसायचं? गडचिरोलीला डॉक्टरांनी पाहिलं, पुढं पाठवलं, आणि आई माझ्याच आयसीयूत येऊन पोचली. मी तिला स्ट्रेचरवरून उतरवताना तिच्या अंगाचा चटका माझ्या हाताला बसला. ती मला म्हणाली, "बाई, तू जेवली का?" मी तिला म्हटलं, "गप राय."

तिच्या हातातला जंतुदोष रक्तात पसरला होता. सेप्सिस. हा शब्द मी रोज वापरते, दुसऱ्यांच्या आयांसाठी. त्या दिवशी तो माझ्या जिभेवर येईना.

सर्जननं हात चिरून पू काढला. अँटिबायोटिक सुरू झालं. प्रेशर फार खाली होतं, ते धरून ठेवायला औषधाचा पंप लावला. रक्तही अंगात कमी, आमच्याकडच्या बायांमधे असतंच कमी, म्हणून एक पिशवी चढवली. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मॉनिटरवर सॅच्युरेशन बरं दिसत होतं, शहाण्णव, सत्त्याण्णव. नवीन सिस्टर खुशीत म्हणाली, "ताई, ऑक्सिजन तर मस्त आहे." मी पायांवरची चादर बाजूला केली. आईच्या गुडघ्यांवर निळसर जाळी उमटली होती. लघवी जवळपास बंद होती. आणि रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे शरीराला ऑक्सिजन वापरता येत नसला की जे साठत जातं ते, वाढतच होतं.

मोठेबाबा बाहेरच्या बाकावर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. मी गेले तर उभे राहिले. माझ्यासमोर ते कधी उभे राहत नाहीत.

"ऑक्सिजन कमी पडून राह्यला का?" त्यांनी विचारलं. आजकाल हा शब्द सगळ्यांना माहीत झाला आहे.

"देतो आहो मोठेबाबा. रक्तातही आहे. पण अंग घेऊन नाई राह्यलं."

त्यांना कळेना. मग मी म्हटलं, उमस असली की तलावात पहाटे मासे वर येतात ना, तोंड उघडून? ते म्हणाले, हो, पाण्यातली हवा सरते. मी म्हटलं, इथं पाण्यात हवा आहे. मासोळीच घेऊन नाही राहिली.

ते परत बाकावर बसले. मग म्हणाले, "मंग तिले हलू नको देऊ बाई. टोपलीतली जे तडफडते ते पयले मरते."

बरोबर होतं ते. आमच्या डॉक्टर मॅडमही तेच म्हणत होत्या, वेगळ्या शब्दांत. ऑक्सिजन पोचवायचं आपण जमेल तितकं करतो आहोत; आता खर्च कमी करायचा. ताप उतरवायचा, कारण ताप खातो. थंडी वाजून अंग थरथरतं, ते खातं. आणि सगळ्यात जास्त खातो तो श्वासच. धापा टाकणाऱ्या माणसाच्या छातीचे स्नायू इतकं ओढून घेतात की बाकीच्या अंगाला उरत नाही. जगायला श्वास घ्यायचा आणि श्वास घेण्यातच जगणं संपवायचं, अशी गत.

आणि इथं आमच्या मातोश्री काय करत होत्या? मोठेबाबा भेटायच्या वेळेला दारात दिसले रे दिसले की उठून बसायला पाहायच्या! एका हाताला भलंमोठं बँडेज, दुसऱ्या हाताला नळ्या, अंगात दवाखान्याचा झगा. पदर कुठून आणणार? तर चादर. अंगावरची चादर ओढून डोक्यावर घ्यायची. चादरीबरोबर मास्क सरकायचा, छाती भात्यासारखी वरखाली व्हायची, सॅच्युरेशन घसरायचं आणि मॉनिटर बोंबलायला लागायचा. मोठेबाबा बिचारे घाबरून भिंतीकडे तोंड करायचे. मी मास्क बसवायची, चादर खाली ओढायची, ती परत वर ओढायची.

"अवो बाई, सोड ना ते चादर! तुले श्वास घेता येऊन नाई राह्यला, आन पदर कायचा घेते?"

"ते... उभे आहेत ना," ती म्हणायची.

शेवटी मी मोठेबाबांना सांगितलं, आत येऊ नका. दाराच्या काचेतूनही पाहू नका. तुमची सावली दिसली तरी ती उठते. त्यांनी मान हलवली आणि जाऊन बाकाच्या पार टोकाला बसले, जिथून दारही दिसत नाही. मला तेव्हा राग आला होता. त्या दोघांचा, त्या पदराचा, कुडाच्या भिंतीचा. आता आठवलं की रडू येतं.

दुसऱ्या दिवशी आई थकली. श्वास जोरात होता, पण उथळ. डोळे मिटायचे, परत उघडायचे. मॅडमनी मला बाजूला घेतलं. "सिस्टर, आता व्हेंटिलेटरवर घेऊ. झोपेचं औषध देऊन श्वासाचं काम मशीनकडे देऊ. तिचं अंग जे छातीवर खर्च करतंय ते वाचेल. उशीर नको." मला माहीतच होतं. दुसऱ्या कुणाची आई असती तर मीच मॅडमना आधी सांगितलं असतं.

पण आमच्या भागात मशीन म्हणजे संपलं, असंच लोक धरून चालतात. आईही तेच धरून होती. मी तिच्या कानाशी वाकून सगळं समजावलं. नळी, मशीन, झोप, आणि मग जाग. तिनं ऐकलं. मग म्हणाली, "तुह्या मोठ्या बाबाले... विचार."

मी धावत बाहेर गेले. मशीनचं ऐकून मोठेबाबांचे ओठ पांढरे पडले. "तिले विचार बाई, तिले काय वाटते. जीव तिचा आहे."

मी आत. "माय, ते म्हणतात, तू सांग."

"ते म्हणतील... तसं."

मी परत बाहेर. "मोठेबाबा, ती म्हणते, तुमी म्हणाल तसं."

"मी कसा म्हणू? तिले विचार, तिचं मन आहे का."

झालं. माझं डोकं फिरलं. त्या दारात, दोघांच्या मधे मी उभी होते, तसल्याच जागी, जिथं लहानपणापासून उभी होते, आणि आत माझ्या आईचा एकेक श्वास खर्ची पडत होता. मी मोठेबाबांवर ओरडले. जन्मात पहिल्यांदा. "मी नाई नेत आता तुमचे निरोप! मीठ नाई सरलं मोठेबाबा, माय सरून राह्यली! तुमचं तुमी जाऊन सांगा तिले!" कॉरिडॉरमधले लोक वळून पाहायला लागले. बाजूच्या बाकावरची एक बाई पोळी खाता खाता थांबली.

मोठेबाबांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. चप्पल काढली. आणि आत गेले.

आईनं त्यांना पाहिलं. तिचा हात चादरीकडे गेला. खांदे उचलायला लागली, मॉनिटर वाजायला लागला. मी पुढे झाले. पण माझ्याआधी मोठेबाबा बोलले. भिंतीकडे पाहून नाही, माझ्याकडे पाहूनही नाही. तिच्याकडे पाहून.

"उठू नको माय," ते म्हणाले. "राहू दे ते पदर. मी सांगतो ना, निजून राय. मशीन श्वास घेते तुह्यासाठी, तू नको घेऊ. मी बसतो इथी."

आईचा हात चादरीवर तसाच थांबला. ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मला वाटतं, लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिनं त्यांचा चेहरा असा सरळ पाहिला नसेल. पाय पाहिले असतील, जाळं धरलेले हात पाहिले असतील. मग तिनं खांदे खाली टाकले. सगळं अंग खाली टाकलं. आणि मान हलवली, हो.

मॅडमनी नळी घातली. झोपेचं औषध चढलं. मशीननं पहिला श्वास घेतला आणि आईची छाती शांतपणे वर आली, कसलीही घाई नसल्यासारखी. मी बाथरूममधे जाऊन रडले, आणि तोंड धुऊन परत आले, कारण बेड नंबर दोनचं सलाईन संपत आलं होतं.

त्यानंतरचे दिवस लांब होते. लॅक्टेट लगेच उतरलं नाही. मधे एकदा मॅडमनी पंपाचं औषध वाढवलं आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं, तेव्हा मी समजून चुकले की आई जाऊ शकते. मी तिचे डोळे ओल्या कापसानं पुसायची, कूस बदलायची, ओठांना साय लावावी तसं व्हॅसलीन लावायची. तिच्या केसांची वेणी घातली. इतक्या वर्षांत तिनं मला कधी घालू दिली नव्हती.

मोठेबाबांना मी भेटायच्या वेळेला बसू देऊ लागले. ते स्टुलावर बसायचे, बेडपासून अंतर राखूनच. आणि एक दिवस मी पंप बघायला गेले तर ते बोलत होते. झोपलेल्या आईशी.

"शिंगाड्याचा वेल मस्त पसरला यंदा. तू नसली तर काढणार कोण? तुह्यासारखं कोणाले जमत नाई." मग थोडं थांबून, "मांजर तुलेच शोधून राह्यली. माझ्या हातचं खात नाई, भैताड." मग आणखी थांबून, "तुह्या हातची आंबाडीची भाजी मले आवडते. सांगितलंच नाई कधी. सांगू कसा?"

मी पडद्याआड उभी राहिले. पंपाला माझी काही गरज नव्हती.

"भाऊ गेला तवा तू माझ्यासमोर रडली नाई. मागच्या दाराशी जाऊन रडायची. मले ऐकू येत होतं. मले वाटे जाऊन म्हणावं, नको रडू, मी आहो. पण म्हणता येत नव्हतं ना." ते हलक्या आवाजात, एकसारखं बोलत होते, जाळं विणताना बोलावं तसं. मला पाहिल्यावर ओशाळले. "झोपली आहे ना ते," म्हणाले. "मंग चालते."

"चालते मोठेबाबा," मी म्हटलं. "बोला."

ते रोज बोलले. इतकं बोलणं या माणसात साठलेलं होतं हे मला ठाऊक नव्हतं. सगळा तलाव, सगळं गाव, मेलेले बैल, माझं लहानपण, माझे वडील. मी माझी कामं काढून त्या बेडजवळ रेंगाळायची.

आणि मग अंगानं घ्यायला सुरुवात केली. काय झालं, कोणत्या क्षणी झालं, ते कुणालाच सांगता येत नाही. लघवी उतरली. गुडघ्यांवरची निळी जाळी गेली. लॅक्टेट खाली आलं, मग आणखी खाली. मॅडम रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आल्या आणि एवढी शांत बाई, तिनं मला मिठी मारली. पंप कमी केला, झोपेचं औषध कमी केलं. आई डोळे उघडायला लागली, सांगितलं की बोट दाबायला लागली. एका सकाळी मशीन फक्त सोबतीला उरलं, श्वास तिचा ती घेत होती. मॅडमनी नळी काढली.

आई खोकली, डोळ्यांत पाणी आलं, मास्क लावला. मी तिला दटावलं. "हे पाय, बोलायचं नाई. घसा सुजला आहे. एकेक श्वास मोलाचा आहे, समजलं? इशारा कर, काय पायजे ते. बोलली तर माझ्याइतकी वाईट कोणी नाई."

तिनं मान हलवली. शहाण्या मुलीसारखी पडून राहिली. मी सॅच्युरेशन पाहत होते, श्वास मोजत होते, मनात देवाला काय काय कबूल करत होते.

मोठेबाबा आले. नळी निघाल्याचं त्यांना बाहेर कळलं होतं. पडद्याशी येऊन ते थबकले, आणि आता ती जागी आहे म्हटल्यावर त्यांची नजर आपोआप फरशीवर गेली. किती वाळले होते ते! सदरा खांद्यावरून उतरत होता. दिवसचे दिवस बाकावर काढलेले, चहावर आणि कुणी दिलेल्या बिस्किटांवर.

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग चांगल्या हातानं मास्क तोंडावरून खाली ओढला. मी "माय!" म्हणून ओरडणार होते.

"जेवले का तुमी?" ती म्हणाली.

आवाज घोगरा, फाटका, अर्धा तर नुसती हवाच. पण मला नव्हतं विचारलं. त्यांना विचारलं होतं.

मोठेबाबांनी मान वर केली आणि सवयीनं माझ्याकडे पाहिलं, की आता मी काहीतरी म्हणेन. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. सॅच्युरेशन खाली येत होतं, ब्याण्णव, एक्याण्णव. इतके दिवस मी तिचा एकेक श्वास राखला होता. हा मात्र जाऊ दिला.

"नाई," मोठेबाबा म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांना ते पुसायचंही सुचत नव्हतं.

आईनं दम घेतला. "मंग आधी जेवून या."

"हो," मोठेबाबा म्हणाले, आणि जेवायला गेले.